तेवीस कार्डं

धरणगाव,
१२ जून १९८८

भाईदासभाऊ, तुम्हाला आणि वहिनींना नमस्कार.

माझं पत्र पाहून तुम्हाला नवल वाटेल. आखाजीच्या सणाला दोंडाईच्याला भेटलो तेव्हा तुम्ही विचारलं होतं, "वच्छला, तोंड असं का दिसतंय?" झोप झाली नाही असं सांगून मी वेळ मारून नेली. चारचौघी बाया बसल्या होत्या, तिथे काय सांगणार? तुम्ही बडगुजर डॉक्टरांच्या दवाखान्यात वीस वर्षं कंपाउंडर आहात. आपल्या घराण्यात औषधपाण्यातलं कळणारे तुम्ही एकटेच, म्हणून आता कागदावर सांगते.

चौदाव्या वर्षापासून मला सूज येते. कधी एका हाताला, कधी पायाला, कधी ओठाला. आधी मुंग्या आल्यासारखं वाटतं आणि दुपारपर्यंत हात टम्म फुगतो. खाज नाही, लाली नाही, ताप नाही. तीन दिवसांत काही न करता उतरते. पण उतरताना माझा सगळा जोर घेऊन जाते. मग आठवडाभर दोन हंडे पाणी आणलं तरी ओट्यावर बसून घ्यावं लागतं. पूर्वी वर्षातून चारदा व्हायचं, आता महिन्यातून दोनदा होतं.

तीनदा हातातल्या बांगड्या फोडाव्या लागल्या. सासूबाई 'वाढवल्या' म्हणतात, पण सवाष्णीच्या बांगड्यांवर बत्ता मारताना शेजारणी तोंड फिरवतात. गावातले डॉक्टर इंजेक्शन देतात, त्याने उतार पडत नाही. कोणी सांगितलं वांगी बंद कर, तर दोन वर्षं वांग्याला हात लावला नाही. तेही करून झालं.

घरचे चांगले आहेत. हे काही बोलत नाहीत, आणि सासूबाई मला नीट उठता येत नसलं की गुपचूप माझ्या वाट्याची निंदणी करून येतात. त्याचंच जास्त वाईट वाटतं. सत्तरीची बाई राबते आणि चौतिशीची सून पडून असते.

डॉक्टरांना विचाराल का?

तुमची
वच्छला


धुळे,
२४ जून १९८८

चि. वच्छला, अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. घाबरण्यासारखं काहीही नाही. अशा शंभर बाया मी रोज पाहतो. तुला रक्त कमी आहे. रक्त कमी असलं की सूज येते आणि थकवा येतो. लोहाच्या गोळ्या पार्सलने पाठवल्या आहेत, जेवणानंतर घे. मीठ कमी कर.

तरी तुझ्या समाधानासाठी डॉक्टरांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, लघवी आणि रक्त तपासून घेऊ, किडनीचं काही असलं तर कळेल. तेव्हा जुलैत झुलालरावांबरोबर ये. डॉक्टरांनी असंही विचारलं की घरात आणखी कोणाला असं होतं का. आपल्या घराण्यात असलं काही नाही, हे मी त्यांना ठामपणे सांगितलं.

आमच्या मंदाला अठरा वर्षं पूर्ण झाली, कॉलेजात जाते. गेल्या वर्षी तिचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं होतं, आता ठणठणीत आहे. तिच्यासाठी शिरपूरकडचं एक चांगलं स्थळ आलं आहे. सध्या कोणाजवळ बोलू नकोस.

आशीर्वाद,
भाईदास


धरणगाव,
२८ ऑगस्ट १९८८

भाऊ, नमस्कार.

जुलैत तुमच्याकडे दोन दिवस राहिलो, वहिनींनी मनापासून केलं. तपासणीत सगळं चांगलं निघालं, किडनी चांगली, रक्तही फार कमी नाही. दुसरी कोणी आनंदली असती, मला मात्र रडू आलं. काहीच निघालं नाही म्हणजे लोक म्हणतात ते खरं, बाई सोंग करते.

पण निघताना बडगुजर डॉक्टर एक वाक्य बोलले, ते तुमच्या लक्षात आहे का? म्हणाले, "बाई, मला हे कळलेलं नाही. तुम्ही रोज तुमच्यासोबत असता, मी दहा मिनिटं होतो. तेव्हा तुम्हीच पाहा आणि लिहून ठेवा." इतका मोठा माणूस 'मला कळलेलं नाही' म्हणतो, हे मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

तेव्हापासून आमच्या योगिताच्या शाळेच्या जुन्या वहीत लिहिते आहे. सूज कधी आली, कुठे, त्याच्या आदल्या दिवशी काय केलं, काय खाल्लं. वांग्याचं भरीत मी मुद्दाम तीन वेळा खाल्लं, पोटभर. काही झालं नाही! दोन वर्षं फुकट गेली म्हणायची. पण दिवसभर विळा आवळून निंदलं की दुसऱ्या दिवशी तोच हात सुजतो. गोधड्या बडवल्या की सुजतो. पाळीच्या आधी ठरलेली. आणि सहा वर्षांपूर्वी दाढ काढली तेव्हा अर्धं तोंड आणि मान सुजली होती, गिळता येत नव्हतं, हेही मला लिहिता लिहिता आठवलं.

आता खरी गोष्ट. गेल्या रविवारी कानबाईच्या सणाला मी माहेरी गेले होते. देवीच्या प्रसादाच्या रोटासाठी गव्हाच्या मुठी टाकताना घरातले लोक कुळातल्या पुरुषांचं एकेक नाव घेत होते. माझ्या बापाचं नाव नाही, गेलेल्याचं घेत नाहीत. ते सापाने गेले तेव्हा मी पाच वर्षांची होते. जवळच चिंधाआबा बसले होते, त्यांनी बापाला खांदा दिलेला. सहज म्हणाले, "तुना बापले साप डसना नव्हता, बेटा. मी सोता त्याना पाय देखात. कोठे बी खूण नव्हती. गळा सुजना व्हता."

भाऊ, तेव्हा तुम्ही सोळा वर्षांचे होता आणि त्या दिवशी शेतात तुमच्या काकांसोबत, म्हणजे माझ्या बापासोबत होता, हे मला माहीत आहे. तुम्ही काय पाहिलं?

वच्छला


धुळे,
१० सप्टेंबर १९८८

चि. वच्छला,

चिंधाआबांचं वय झालं. जीवरामकाकांना साप चावला होता. मी तिथे होतो.

जुनं उकरून काढू नकोस. तुझी सूज तुझ्यापुरती आहे, तिचा घराण्याशी संबंध लावू नकोस. मंदाचं शिरपूरचं स्थळ जुळत आलं आहे. मुलीकडच्यांच्या घरात काही आहे एवढी नुसती कुजबुज झाली तरी लोक पाठ फिरवतात, हे तू मुलीची आई असून तुला सांगायला नको. दोंडाईच्याहून आपल्या भाऊबंदांतल्या धनसिंगचा निरोप आला की तू सगळ्यांना कार्डं टाकणार आहेस. एकही टाकू नकोस. ही माझी विनंती समज, नाहीतर हुकूम समज.

भाईदास


धरणगाव,
२ ऑक्टोबर १९८८

भाऊ,

तुमचं पत्र आलं त्याच्या चार दिवस आधीच कार्डं पेटीत पडली होती. तेवीस. खोटं बोलणार नाही, पत्र आधी आलं असतं तरी टाकली असती.

रागावू नका. तुम्हाला माहीत आहे, आमच्या आळीतल्या सगळ्या बायांची पत्रं मीच लिहून देते. सासरची, माहेरची, रुसव्याची, बाळंतपणाची. काय लिहावं आणि काय लिहू नये हे सातवी शिकलेल्या बाईला तेवढ्यानेच कळत गेलं. कोणाच्या कार्डावर रोग हा शब्द नाही. इतकंच लिहिलं: 'माझ्या हातापायाला अधूनमधून सूज येते आणि आपली उतरते. आपल्यापैकी कोणाला असं होतं किंवा होत होतं का? पोटात कळ येऊन दोन दिवसांनी आपोआप थांबते असं कोणाला होतं का? गळा सुजून कोणी गेलं का? तुमचं नाव मी कोणाला सांगणार नाही.'

आठ जणांचं उत्तरच नाही. धनसिंगने कार्ड फाडून, तुकडे पाकिटात घालून परत पाठवलं. दोन कार्डं बिननावाची आली, पण सांगायचं ते सांगून गेली. आणि सोमवारी दुपारी दारात पुष्पाआत्या उभी! शिंदखेड्याहून एकटी पॅसेंजरने आली, स्टेशनवरून उन्हात चालत आली. मी म्हटलं, आत्या, तू कशाला आलीस? तर म्हणाली, "माले लिखता येत नई, म्हनीसन मीच उनू." पाणी प्यायली आणि पदराखालचा उजवा हात बाहेर काढला. भाऊ, तो माझा हात होता. तसाच फुगलेला, तसाच गुळगुळीत, बोटांच्या पेरांच्या रेषा गेलेल्या.

म्हणाली, "चाळीस वरीस मी हाई लपाडी ठेयं. सासरना लोके म्हनेत, अंगमा वारं येस. आजलगून माले कोनी इचारंच नई." आम्ही दोघी एकमेकींचे हात धरून खूप वेळ बसलो. मग तिने मला सगळी माणसं सांगितली. कोण कोणाची, कोण कशाने गेलं. कानबाईच्या रोटाला पुरुषांची नावं घेतात, पण लेकी कुठे दिल्या, त्यांना काय झालं, हे फक्त आत्याच्या डोक्यात आहे.

त्यावरून मी मोठ्या कागदावर आपला वंश काढला. एकेचाळीस माणसं. ज्यांना सूज येते किंवा येत होती त्यांच्या नावाला लाल गोल. नऊ गोल झाले. आजीचा गोल, बापाचा गोल, आत्याचा, माझा. पाहताना एक गोष्ट दिसली. ज्या आईबापाला गोल नाही त्यांच्या पोरांत एकही गोल नाही. ज्याला आहे त्याच्या पोरांत सुमारे निम्म्यांना आहे. मुलगा असो की मुलगी.

तुमच्या फांदीवर मी गोल काढलेला नाही. तुमच्या वडिलांच्या नावापुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह आहे, कारण आत्या म्हणते मगननाना पोट धरून दोन-दोन दिवस पडून असायचे. आणि मंदाचं पोट भाऊ, ऑपरेशनच्या आधी किती वेळा दुखलं होतं? ऑपरेशननंतर थांबलं का? एवढं फक्त स्वतःला विचारा, मला सांगू नका.

कागदाची एक नक्कल मी बडगुजर डॉक्टरांना पाठवली आहे. तुमच्या फांदीवर नुसती नावं आहेत.

तुमची धाकटी बहीण,
वच्छला


धुळे,
६ नोव्हेंबर १९८८

वच्छला,

महिना झाला, चार वेळा कागद घेतला आणि चार वेळा फाडला. आज रविवार, दवाखाना बंद आहे. लिहून टाकतो.

तुझा कागद डॉक्टरांकडे आला त्या दिवशी त्यांनी दुपारची ओपीडी संपल्यावर मला आत बोलावलं. कागद टेबलावर पसरलेला होता. त्यावरचे गोल एकेक करून पाहत गेले. मग म्हणाले, "भाईदास, वीस वर्षं तू माझ्याकडे आहेस. उन्हाळ्यातसुद्धा पूर्ण बाहीचा शर्ट घालतोस. बाही वर कर." मी केली नाही. ते म्हणाले, "तुझ्या या बहिणीने मला जे दाखवलं ते मला पुस्तकात एकदा वाचल्याचं आठवतंय. पण पाहिलेलं नाही. पाहिलं असेल तर रोज पाहिलं आणि ओळखलं नाही." तेव्हा मी बाही वर केली.

होय, मलाही होतं. विसाव्या वर्षापासून. सूज आली की मधमाशी चावली, पडलो, असं काहीही सांगायचो. तुझ्या वहिनीलाही खरं सांगितलेलं नाही. इतर रोग्यांना मी धीर देत होतो आणि स्वतःचा हात लपवत होतो.

आता तुझ्या बापाचं. काकांनी आदल्या दिवशी बाजारात दाढ उपटून घेतली होती. सकाळी कपाशीत काम करताना गाल सुजला, मग आवाज घोगरा झाला. बांधावर बसून मला म्हणाले, "भाईदास, पानी बी उतरत नई." मी पळत जाऊन नानांना आणलं. कोणीतरी बोललं की बांधावर साप दिसला होता. मग काय, बैलगाडीतून मांत्रिकाकडे. तिथे दुपारपर्यंत मंत्र चालले. काका बसूनच होते, आडवं होता येत नव्हतं. माझा हात धरून ठेवला होता त्यांनी. तो सुटला तेव्हा मला कळलं.

अंगावर साऱ्यांनी खूण शोधली. नव्हती. घरी आल्यावर नानांनी मला कोठीत नेऊन सांगितलं, "कोनी इचारं तरी सापच सांगजो." कारण आजीही तशीच गेली होती, आणि लोक या घराला काही लागलंय म्हणायला लागले होते. मी एकोणतीस वर्षं सापच सांगितला. तुलाही सांगितला. पाच वर्षांची तू, बापाच्या तिरडीजवळ विचारत होतीस की साप कोणी मारला का.

मंदाचं पोट ऑपरेशनआधी सात-आठदा दुखलं होतं. काढलेला अपेंडिक्स चांगला होता, हे सर्जन मला बाजूला घेऊन बोलले होते. नंतरही दोनदा दुखलं. मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

माझ्या नावावर गोल काढ. मंदाच्याही. नानांचं प्रश्नचिन्ह खोडून तिथेही काढ.

डॉक्टरांनी मुंबईला मोठ्या रुग्णालयात चिठ्ठी दिली आहे. एकवीस तारखेला जायचं. तू, मी आणि मंदा.

भाईदास


धरणगाव,
१२ नोव्हेंबर १९८८

भाऊ,

पत्र वाचलं. शेतात जाऊन पुन्हा वाचलं. रडले, पण तुमच्यावर नाही. इतकी वर्षं मला वाटायचं की बाप एकटा गेला, आणि त्यांचा हात तुमच्या हातात होता. सोळा वर्षांच्या पोराने तो सुटेपर्यंत सोडला नाही, याहून जास्त त्याने काय करायचं होतं?

कपाशीच्या वेचणीमुळे दोन्ही हात आणि डावा पाय सुजलेत, चप्पल जात नाही. मुंबईचा प्रवास जमेल असं दिसत नाही. तुम्ही आणि मंदा जा, माझ्यासाठी थांबू नका. वंशाचा मूळ कागद रजिस्टरने पाठवते आहे, तीन गोल वाढवून.

वच्छला


धुळे,
४ डिसेंबर १९८८

चि. वच्छला,

परवा परतलो. सगळं सांगतो, कारण ते ऐकायला तू तिथे असायला हवी होतीस.

दोन दिवस आम्हाला या खोलीतून त्या खोलीत पाठवत होते. चिठ्ठी वाचायचे, आमचे हात बघायचे. तेव्हा सूज नव्हती, मग पुढे पाठवायचे. तिसऱ्या दिवशी पन्नाशीच्या एका डॉक्टरीणबाईंसमोर बसलो. त्यांनीही चिठ्ठी वाचली आणि घड्याळाकडे पाहिलं. तेवढ्यात मंदाने तुझा कागद उलगडला. घडीच्या ठिकाणी फाटत आला होता, म्हणून तिने हळूच दोन्ही हातांनी सपाट केला.

बाई वाकल्या. बोटाने आजीपासून खाली येत गेल्या. एकदा, दोनदा. मग उठून दारात गेल्या आणि शिकणाऱ्या डॉक्टरांना हाका मारून आत बोलावलं. दहा-बारा मुलंमुली टेबलाभोवती उभी राहिली. बाईंनी मला विचारलं, "हे कोणत्या डॉक्टरांनी काढलं?"

मी म्हटलं, "डॉक्टरांनी नाही. माझ्या चुलत बहिणीने."

"काय करते ती?"

"धरणगावला शेती करते."

"किती शिकली?"

"सातवी."

त्या मुलांकडे वळल्या आणि म्हणाल्या, "पाहून घ्या. रक्त काढायच्या आधी निदान इथे झालेलं आहे. आता आपण फक्त खात्री करायची."

वच्छला, एक कबूल करतो. आयुष्यभर मी डॉक्टरांच्या बाजूला उभा राहून औषधं बांधली आणि स्वतःला अर्धा डॉक्टर समजलो. त्या खोलीत खरं काम केलेलं माणूस एकच होतं आणि ते तिथे नव्हतं. मंदा माझा हात दाबत होती. नंतर जिन्यात म्हणाली, "अप्पा, आत्याने हे सगळं चुलीपुढे बसून काढलं?"

रक्तात खात्री झाली, आम्हा दोघांच्याही. सूज आवरून धरणारा एक पदार्थ रक्तात असतो, तो आपल्यात जन्मापासून कमी आहे. नाव इंग्रजी आणि लांबलचक आहे, वेगळ्या कागदावर लिहून जोडलं आहे. ॲलर्जीच्या इंजेक्शनांनी हे उतरत नाही, म्हणूनच तुझी सगळी इंजेक्शनं वाया गेली. थकवाही त्यातलाच. बाई म्हणाल्या, तिला सांगा की ती कधीच सोंग करत नव्हती. हे मी त्यांच्या शब्दांत लिहितो आहे.

मुळापासून बरं होत नाही, पण आवरता येतं. गोळ्या आहेत. तुझं रक्त बडगुजर डॉक्टर इथूनच पाठवतील. आणि एक कागद दिला आहे, बाईंच्या सहीचा. गळ्याला सूज आली, आवाज बदलला, तर घरी एक क्षण थांबायचं नाही. थेट दवाखान्यात जायचं आणि हा कागद दाखवायचा. रक्तातला पाण्यासारखा भाग, प्लाझ्मा म्हणतात तो, चढवायचा आणि श्वासाची नळी तयार ठेवायची. दात काढायचा असेल तर आधी सांगायचं.

शिरपूरच्या लोकांना मी अजून काही बोललेलो नाही. धीर होत नाही.

तुझा भाऊ,
भाईदास


धरणगाव,
२९ जानेवारी १९८९

भाऊ,

माझाही अहवाल आला, अपेक्षेप्रमाणे. बडगुजर डॉक्टरांनी दिलेली गोळी सुरू करून वीस दिवस झाले. वीस दिवसांत एकदाच करंगळी सुजली! डॉक्टर म्हणाले होते की या गोळीने ओठावर थोडी लव येईल. सासूबाई रोज सकाळी माझं तोंड उजेडात धरून पाहतात आणि म्हणतात, "येऊ दे मिशा, काम तरी गड्यासारखं करतेस." काल मी पूर्ण दिवस वेचणी केली. संध्याकाळी घरी येऊन भाकरी थापल्या, आणि ओट्यावर बसले ते दमले म्हणून नाही, बसावंसं वाटलं म्हणून.

त्या कागदाच्या तेवीस नकला हाताने लिहिल्या. सोपं मराठी, मोठं अक्षर, खाली बाईंनी दिलेलं दुखण्याचं इंग्रजी नाव जसंच्या तसं आणि त्यांच्या रुग्णालयाचा पत्ता. तुम्ही आणलेल्या सहीच्या कागदाच्या फोटो-नकला बडगुजर डॉक्टरांनी काढून दिल्या, त्या प्रत्येकात घातल्या. या वेळी पाकिटात. उत्तर न देणाऱ्या आठ जणांनाही आणि धनसिंगलाही. त्याने फाडलं तर फाडू दे, पुन्हा पाठवीन.

मंदाला एक वेगळी पाठवली आहे. तिला सांगा, कंपासपेटीत ठेव, घरात नको.

शिरपूरचं मी काही सांगणारी नाही. तुम्ही बाप आहात. फक्त एवढं, मंदाला विचारून करा. तो हात आणि तो गळा तिचा आहे.

वच्छला


धुळे,
२ एप्रिल १९८९

वच्छला, आज आशीर्वाद लिहायला हात वळत नाही. माझा नमस्कार घे. वयाने मोठा आहे, पण घे.

मंदा बरी आहे, हे आधी लिहितो. आता पुढचं वाच.

वीस तारखेला तिचा परीक्षेचा पेपर होता. दुपारी एकच्या सुमारास पेपर लिहिताना तिला घशात गाठ आल्यासारखं वाटलं. वर्गावरच्या बाईंना पाणी मागायला तोंड उघडलं तर आवाज घोगरा आला. तिने काय केलं माहीत आहे? पेपर तिथेच ठेवला, कंपासपेटी घेतली आणि बाहेर आली. बाहेर भेटलेल्या मैत्रिणीने विचारलं घरी सोडू का, तर म्हणाली, घरी नाही, दवाखान्यात. रिक्षाने सरळ गेली. मला आमच्या दवाखान्यात फोन आला तेव्हा ती पोहोचलेली होती.

मी धावत गेलो. तरुण डॉक्टर ड्युटीवर होता, ॲलर्जीचं इंजेक्शन भरत होता. मंदाला बोलता येत नव्हतं. तिने त्याचा हात धरला, तुझा कागद त्याच्यापुढे धरला आणि इंजेक्शनकडे बोट दाखवून मान हलवली. तो मुलगा भला. कागद वाचला, सही पाहिली, मोठ्या डॉक्टरांना बोलावलं. प्लाझ्मा येईपर्यंत तिचे ओठ निळे पडायला लागले. नळी घालावी लागली. डॉक्टर मला नंतर म्हणाले, आणखी पंधरा मिनिटं उशीर झाला असता तर नळीला वाट मिळाली नसती.

मी बाहेर बाकावर बसलो होतो. आधी आठवले ते जीवरामकाका, त्यांचा हात. दुसऱ्यांदा तोच दिवस आला होता, पण या वेळी तुझा कागद आधी पोहोचला होता.

दोन दिवस नळी होती. मंदा पाटीवर लिहायची. पहिलं वाक्य लिहिलं, 'पेपर बुडाला.' दुसरं, 'शिरपूरच्यांना सांगा. लपवायचं नाही.'

म्हणून मी गेल्या रविवारी स्वतः शिरपूरला गेलो. मुलाच्या आईवडिलांना सगळं सांगितलं, बाही वर करून. विचार करून सांगतो म्हणाले. चार दिवसांनी निरोप आला, नको. तुझी वहिनी रडली. मंदा म्हणाली, "अप्पा, आता पुढच्या वेळी आधीच सांगायचं, म्हणजे चहाचा खर्च वाचेल." हसली, वच्छला. नळीमुळे घसा बसलेला आहे अजून, पण हसली. ऑक्टोबरला पुन्हा परीक्षेला बसणार आहे.

आणखी एक. धनसिंगचं पत्र आलं. त्याच्या सुनेच्या माहेरचं काही विचारायचं निमित्त केलं होतं, खाली एका ओळीत लिहिलं होतं, 'त्या कागदाच्या आणखी दोन नकला मिळतील का?'

डॉक्टर म्हणतात, योगिताचंही रक्त तपासून घ्यायला हवं. तू तिच्या नावाजवळ काही लिहिलेलं नाही, हे मी पाहिलं आहे.

भाईदास


धरणगाव,
३० एप्रिल १९८९

भाऊ,

मंदाला पोटाशी धरावंसं वाटतंय. आखाजीला येतेच आहे, तोवर तुम्हीच धरा. धनसिंगला चार नकला पाठवल्या.

योगिताचं तुम्ही बरोबर पाहिलंत. एकेचाळीस माणसांबद्दल मी विचारलं, पण माझ्या पोटच्या पोरीला विचारायला मला दहा महिने लागले. तिच्या गुडघ्याला दोनदा सूज आली होती. मी म्हटलं, पडली असेल. तुमच्यासारखंच. म्हणून तुमच्यावर मला कधी रागावता आलं नाही.

रक्त दिलं, आणि मंगळवारी अहवाल आला. हे म्हणाले, मी उघडू का? मी म्हटलं, नको, मी उघडते. आहे. योगितालाही आहे.

त्या दिवशी माझ्याने स्वयंपाक झाला नाही. सासूबाईंनी खिचडी केली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोरीला समोर बसवलं. दहा वर्षांच्या मुलीला जेवढं कळेल तेवढं सगळं सांगितलं. आजोबांना साप चावला नव्हता, हेही. तिने नीट ऐकलं. म्हणाली, "मंदाताईला आहे तेच ना?" मी म्हटलं, तेच. "मग मला कागद कधी?" तो मी आधीच लिहून ठेवला होता. तिने वाचला, एका शब्दाला अडली, विचारून घेतला आणि दप्तराच्या आतल्या खिशात घातला.

मग म्हणाली, "आई, मग मी खो-खो खेळू की नको?"

भाऊ, या प्रश्नाला मी तयार नव्हते. पडली तर सुजेल, हे मला कोणापेक्षा जास्त माहीत आहे. माझ्या ओठांवर 'नको' आलं होतं. पण माझ्याकडे पाहत होती ती. मी म्हटलं, "खेळ. पडलीस, सुजलीस तर मला येऊन सांगायचं. लपवायचं नाही, एवढंच."

"बरं," म्हणाली आणि गेली. मी तिच्यामागे शाळेच्या मैदानाच्या कुंपणापर्यंत गेले, तिला दिसणार नाही अशी उभी राहिले. उन्हात पोरी ओळीने बसल्या होत्या. हिला खो मिळाला. भाऊ, अशी सुटली की समोरची पोर खांबाला वळसा घालते न घालते तोच हिने तिच्या पाठीवर थाप मारली. आणि मला वाटलं, जाऊन सगळ्यांना सांगावं, ही माझी मुलगी आहे.

वच्छला